दगडाची साक्ष चालते, मग पानाची का चालत नाही?



कापूस फुटायच्या दिवसांत कोळसा वाहणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या शिवारात एकदा जाऊन या. धुऱ्यावरच्या कडुलिंबाच्या पानावर बोट फिरवा. बोट काळे होईल. मग खाली वाका आणि पऱ्हाटीचे फुटलेले बोंड हातात घ्या. जी काजळी पानावर, तीच बोंडावर. तो कापूस बाजारात नेला की व्यापारी गाडीत हात घालून मूठभर माल वर काढतो, उन्हात धरतो आणि म्हणतो, ‘माल काळा आहे, कटती लागेल.’ धूळ कोणी टाकली, हे तो विचारत नाही. कटती मात्र आपली.

गेल्या हंगामात आमच्यापैकी काहीजण अशा पानांची पिशवी घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, ‘काका, पान म्हणजे काही यंत्र नाही. आमच्या यंत्रात तर हवा मर्यादेत आहे.’ यंत्र कुठे बसवले आहे, असे आम्ही विचारले. ते शहरात होते. आमच्या शिवारापासून कितीतरी कोस लांब.

आम्ही पिशवी उचलून परत आलो. पण साहेबांचे ते वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. पान म्हणजे यंत्र नाही, हे खरे आहे काय? आणि नसेल, तर म्हणून त्याची साक्ष खोटी ठरते काय?

यंत्र करते तरी काय?

हवेतली धूळ मोजायचे यंत्र म्हणजे काही दैवी चमत्कार नाही. त्यात एक कोरा गाळणकागद वजन करून ठेवतात. पंखा त्यातून हवा ओढतो. चोवीस तासांनी तो कागद काढून पुन्हा वजन करतात. वजनात जी वाढ झाली ती धूळ. ओढलेल्या हवेच्या मापाने तिला भागले की आकडा मिळतो. देशाच्या हवा मोजणी कार्यक्रमात हाताने चालवायच्या केंद्रांवर अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस व्हावी, असा दंडक आहे.

आता पानाकडे पाहा. पान काही हवा ओढत नाही, पण हवेत रात्रंदिवस पसरलेले असते. त्याला वीज लागत नाही. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. वर्षाचे १०४ दिवस नव्हे, जिवंत असेल तोवर प्रत्येक दिवस ते धूळ झेलते. खरबरीत, लवदार किंवा चिकट पान जास्त धरते, गुळगुळीत पान कमी धरते. त्या पानावरची धूळ धुऊन, सुकवून, वजन करून पानाच्या क्षेत्रफळाने भागली की चौरस सेंटिमीटरला इतके मिलिग्रॅम, असा सरळ आकडा निघतो. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षे हे काम चालू आहे. यंत्राचा आणि पानाचा हिशेब एकच: आधीचे वजन, नंतरचे वजन आणि मधला फरक. एकाला मंडळाचा शिक्का आहे आणि दुसरे फुकट मिळते, एवढाच काय तो भेद.

पान धुळीपेक्षाही जास्त सांगते. गंधकाच्या धुराने शिरांमधला भाग फिका पडून करपतो, शिरा हिरव्या राहतात. फ्लोराइडचा मारा झाला की पानाची टोके आणि कडा जळतात. विटभट्ट्यांच्या धुराने आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते, हे उत्तर भारतातल्या बागाईतदारांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. म्हणूनच २०२२ मध्ये केंद्र सरकारने विटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर लांब हवी, असा नियम काढला. आंब्याच्या झाडाने दिलेली साक्ष सरकारने मानली ना? पॅरिसमध्ये १८६६ साली नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने झाडांच्या सालीवरचे दगडफूल शहरात नाहीसे होत आहे, ते हवा बिघडल्याचे लक्षण आहे, असे नोंदवले. तेव्हा हवा मोजणारी आजची यंत्रे जन्मालाही आलेली नव्हती.

सोसणारे झाड आणि सोसणारा शेतकरी

‘हे सगळे आमच्या साहेबांना ठाऊक नसेल,’ असे कोणी म्हणेल. तसे नाही. पानांचे शास्त्र त्यांना चांगले ठाऊक आहे. त्यांनी ते वापरलेही आहे. फक्त आपल्या बाजूने वापरलेले नाही.

बनारस हिंदू विद्यापीठातल्या सिंग आणि राव या दोघा शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये झाडाची प्रदूषण सोसण्याची ताकद मोजायचे सूत्र मांडले. पानातले हरितद्रव्य आणि पानाच्या रसाचा सामू यांची बेरीज करायची, तिला पानातल्या क जीवनसत्त्वाने गुणायचे, त्यात पानातल्या पाण्याचे सापेक्ष प्रमाण मिळवायचे आणि दहाने भागायचे. आकडा कमी आला तर झाड नाजूक, जास्त आला तर सोशिक. शास्त्र चोख आहे. शास्त्रज्ञांविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती या सूत्राचा उपयोग कोणी कशासाठी केला याविषयी. नाजूक झाड म्हणजे पहारेकरी. हवा बिघडली की आधी तेच ओरडते. सोशिक झाड म्हणजे हमाल. कितीही ओझे टाका, मुकाट वाहील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरितपट्ट्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात कोणती झाडे सोशिक आणि कोणती नाजूक याच्या याद्या दिल्या. त्यातली सोशिक झाडांची यादी कारखान्यांच्या आराखड्यांत सरसकट उतरली. नाजूक झाडे लावून त्यांच्या पानांचा अहवाल दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवा, असा आदेश मात्र आमच्या पाहण्यात नाही. हमाल पाहिजे, पहारेकरी नको!

आणि हरितपट्टा कुंपणाला लागून दोन-चार ओळींचा. त्यापलीकडचा खरा हरितपट्टा कोणता? तुमची आमची पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी. कारखान्याच्या झाडांना टँकरने पाणी मिळते. आपले पीक कोरडवाहू राहून, खत आपल्या खिशातले खाऊन त्यांची धूळ फुकट गाळते. ज्वारीच्या पानावर धूळ बसली की सूर्यप्रकाश अडतो, पानाची श्वासाची छिद्रे बुजतात, पान तापते आणि अन्न तयार करायचे काम मंदावते. कडबा झटकल्याशिवाय बैल तोंड लावत नाही. या गाळणीची मजुरी कोणी दिली? सोशिक झाडाचा निर्देशांक काढणाऱ्यांनी शेतकऱ्याचाही काढून ठेवला आहे. हा सोसतो, याच्यावर टाका!

संगमरवराला न्याय, कापसाला कटती

ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, त्याला आसपासच्या कोळशाच्या भट्ट्या कारण आहेत, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि २९२ कारखान्यांना सांगितले की कोळसा सोडून गॅसवर या, नाहीतर जागा सोडा. चांगले झाले. ताजमहाल राहिलाच पाहिजे. पण दगडाचा रंग बदलला ही साक्ष देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात चालते आणि पांढऱ्या कापसाचा रंग बदलला ही साक्ष तालुक्याच्या कार्यालयात चालत नाही, हा कुठला न्याय?

दुसरा दाखला परदेशाचा. कॅनडात ट्रेल नावाच्या गावी शिसे-जस्ताची मोठी भट्टी होती. तिचा गंधकाचा धूर नदीच्या खोऱ्यातून सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या शेतांवर आणि जंगलावर येई. तिथल्या शेतकऱ्यांनी संघटना बांधली आणि किरकोळ तडजोडी नाकारल्या. प्रकरण दोन देशांमध्ये गेले. १९३१ मध्ये संयुक्त आयोगाने साडेतीन लाख डॉलर भरपाईची शिफारस केली. पुढे लवादाने १९३८ मध्ये आणखी ७८ हजार डॉलर दिले. १९४१ च्या अंतिम निकालात आपल्या हद्दीतल्या धुराने दुसऱ्याचे नुकसान करण्याचा हक्क कोणत्याही देशाला नाही, असे तत्त्व ठरले. आज जगभरच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकवतात. त्याच्या मुळाशी काय होते? करपलेली पाने, पिवळ्या पडलेल्या देवदारासारख्या झाडांच्या सुया आणि त्यांतल्या गंधकाची मोजणी.

कायद्यात झाड आहे, अंमलात नाही

आपला कायदा काय म्हणतो? हवा प्रदूषणाचा १९८१ चा कायदा उघडा. प्रदूषक कशाला म्हणावे याची व्याख्या सुरुवातीलाच आहे. माणसांना, इतर जिवांना, वनस्पतींना, मालमत्तेला किंवा पर्यावरणाला अपाय करील किंवा करू शकेल, असा हवेतला पदार्थ म्हणजे प्रदूषक. त्यात वनस्पती आहेत, मालमत्ताही आहे. कापूस या दोन्हींत बसतो. शेतात उभा आहे तोवर वनस्पती, गाडीत भरला की मालमत्ता. म्हणजे कायद्याने पानाला केव्हाच आत घेतले आहे. त्याला दाराबाहेर उभे केले ते अंमलदारांनी.

याउलट अंमल कसा चालतो ते पाहा. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाची यादी केली. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून चौथे आले. २०१० मध्ये अशा ४३ अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना तात्पुरती बंदी घातली गेली, ती पुढे उठली. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला. त्यात आपल्या राज्यातली १९ शहरे आहेत. चंद्रपूर आहे, अकोला आहे, अमरावती, जालना, लातूर आहे. सगळी शहरे. खेडे एकही नाही. शहराच्या हवेला कार्यक्रम आणि खेड्याच्या हवेला नशीब!

गंधकाच्या धुराचे तर विचारूच नका. औष्णिक वीज केंद्रांनी दोन वर्षांत गंधक रोखणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मग मुदतवाढीवर मुदतवाढ. शेवटी जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचे शहर दहा किलोमीटरच्या आत असेल, त्याच केंद्रांना सक्ती. अतिप्रदूषित क्षेत्राजवळच्यांचा निर्णय एकेकाचे प्रकरण पाहून. उरलेल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळला की मोकळीक. चिमणी उंच केली म्हणजे धूर नाहीसा होत नाही. तो लांब जातो. लांब कोण राहते, हे आम्ही सांगायला नको. शहर किती किलोमीटरवर आहे, हे त्या नियमात लिहिले आहे. शेत किती किलोमीटरवर आहे, हे विचारलेलेच नाही.

गारपीट झाली, दुष्काळ पडला तर ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दाखवून मदत मागता येते. केंद्राच्या त्या आपत्तींच्या यादीत कोळशाच्या धुळीचे नाव नाही. खरे म्हणजे ते असूही नये! गारपिटीला मालक नसतो म्हणून सरकार मदत देते. धुळीला मालक आहे. आपल्याला मदत नको, मालकाकडून भरपाई हवी आहे.

आपल्याच माणसांना दोन शब्द

आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतात, ‘आपला लढा रास्त भावाचा. ही पाने-फुले शहरातल्या पर्यावरणवाल्यांवर सोडा.’ आम्ही त्यांना उलट विचारतो, कटती म्हणजे काय? कटती म्हणजे भावच. सरकार निर्यातबंदी करून भाव पाडते, व्यापारी काळा माल म्हणून पाडतो. खिसा एकच कापला जातो. शेजाऱ्याने आपल्या उत्पादनाचा खर्च आपल्या शेतावर टाकला, तर तोही आपल्या मालाचा भाव लुटणेच आहे. विजेचा खरा खर्च चिमणीवाल्याने भरायचा, की पऱ्हाटीवाल्याने?

कारखाने बंद करा, अशी आमची मागणी नाही. वीज आम्हालाही हवी. आमच्या पोरांना कामही हवे. उघड्या ट्रकवर ताडपत्री टाका, रस्त्यावर पाणी मारा, चिमणीची यंत्रणा चालू ठेवा आणि नुकसान केले त्याचे पैसे मोजा, एवढाच व्यवहार आम्ही मागतो.

पानाचा पंचनामा कसा करावा

पण भावांनो, पानाला साक्षीला उभे करायचे तर साक्षीदार पक्का हवा. अर्धीकच्ची पिशवी घेऊन गेलो, ही आमचीही चूक होती. पान काय सांगू शकत नाही, तेही नीट समजून घ्या.

पान धूळ किती ते सांगते, कोणाची ते आपोआप सांगत नाही. आपली जमीन काळी, कोळसाही काळा. बैलगाडीच्या वाटेचीही धूळ उडते. चुंबकाला धूळ चिकटली म्हणजे ती चिमणीचीच राख, असे ओरडू नका. आपल्या काळ्या मातीतही चुंबकाला चिकटणारे कण असतात. कोळशाची परीक्षा प्रयोगशाळेत जाळून होते. कोळसा जळून वजन बरेच घटते, मातीचे थोडेच घटते. म्हणून धुळीबरोबर त्याच शेतातली मातीही तपासायला द्या. चिमणीची राख मात्र आधीच जळलेली असते, तिला ही परीक्षा लागू नाही. कपाशीचा लाल्या धुराच्या नावावर लिहू नका. तो बहुतेक अन्नद्रव्यांच्या कमतरतेने आणि थंडी-पाण्याच्या ताणाने येतो. पानाच्या कडा पालाश कमी पडल्यानेही जळतात. एक खोटा दाखला नव्याण्णव खरे दाखले बुडवतो.

आता पद्धत. दिवाळीनंतर, शेवटच्या पावसाला पंधरा दिवस होऊन गेले की सुरुवात करा आणि संक्रांतीच्या आत संपवा, कारण पुढे कडुलिंब पाने टाकू लागतो. सगळ्या गावांत झाड एकच घ्या, कडुलिंब. झाडे चार ठिकाणची घ्या: रस्त्याच्या कडेचे, दोनशे मीटर आतले, एक किलोमीटर आतले आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या लांबच्या गावातले. डोक्याच्या उंचीवरची, चारही दिशांच्या फांद्यांवरची जून पाने निवडा. तलाठी, कृषी सहायक आणि सरपंच यांच्यासमोर त्या फांद्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्यांना चिठ्ठी बांधा. हाच तुमचा कोरा गाळणकागद. बरोबर पंधरा दिवसांनी सगळीकडची पाने एकाच दिवशी तोडा. ब्रशने भांड्यात धुवा, पाणी वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, सुकवा आणि मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. पानांचे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून काढा. शाळेतली पोरे हे काम आनंदाने करतील.

समजा, ५०० चौरस सेंटिमीटर पानांवर २५० मिलिग्रॅम धूळ निघाली, तर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम झाला. लांबच्या गावात तोच आकडा याच्या पाचव्या हिश्शाइतका आला, तर उरलेले चार हिस्से कुठून आले, हे सांगायची जबाबदारी आपली नव्हे, मंडळाची. मध्ये पाऊस पडला तर मोजणी रद्द करून पुन्हा करा. त्याच पंधरवड्यात वेचलेल्या कापसाचा भाव आणि कटती लिहिलेली पावती जपून ठेवा. पान आणि पावती एकत्र बांधली की खटला उभा राहतो. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात प्रदूषणाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे आणि आपल्या भागाचे पीठ पुण्याला बसते. मुदत अंगावरून जाऊ देऊ नका.

आमच्या मागण्या

एक. ज्या गावाच्या पानांवर लांबच्या गावाच्या दुपटीहून जास्त धूळ भरेल, तिथे मंडळाने वेचणीच्या हंगामातच शिवारात यंत्र बसवावे. कायद्याने नमुना घेण्याचा अधिकार त्यांचा आहे, तर तो वापरण्याचे कर्तव्यही त्यांचेच.

दोन. प्रत्येक कारखान्याच्या आणि खाणीच्या हरितपट्ट्यात नाजूक झाडांचीही एक ओळ लावावी आणि तिच्या पानांचा अहवाल दरवर्षी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा.

तीन. तलाठी आणि कृषी सहायकाच्या पंचनाम्यात ‘धूळ-धुराने नुकसान’ हा रकाना असावा. कटतीचा फरक आणि घटलेले उत्पन्न धुळीच्या मालकाकडून वसूल करून शेतकऱ्याला द्यावे.

चार. चिमणीचे नियम ठरवताना शहराचे अंतर मोजता, तसे पिकाचेही मोजा.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या चिठ्ठी बांधलेल्या फांद्यांची नोंदवही आणावी. मोर्चा निघेल तो हाती पान घेऊन निघेल. साहेब पुन्हा म्हणतील, पान म्हणजे यंत्र नाही. तेव्हा त्यांना शांतपणे सांगा: बरोबर आहे साहेब, म्हणूनच ते कोणाच्या सांगण्यावरून बंद पडत नाही.